जुन्या गाड्यांचा बाजार, भाग ६ : मिलिटरीचा ट्रक घेताना

मागच्या भागात आपण जबलपूरला बनलेल्या शक्तिमान ट्रकची माहिती घेतली. आता मुद्द्याचे. लष्कराने सेवेतून काढलेला ट्रक, मग तो स्टॅलियन असो वा टाटा, घ्यायचा झाला तर काय बघायचे?

किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. मालवाहतुकीच्या ट्रकपेक्षा मिलिटरीचा ट्रक पुष्कळदा कमी पळालेला असतो आणि दलाल तेच सांगून भाव चढवतो. पण ही गाडी पळून जितकी झिजते, त्याहून जास्त उभी राहून खराब होते. रबर वाळते, ऑइल सील कडक होतात, डिझेलच्या टाकीत पाणी साचते. शिवाय जागेवरच चालू ठेवलेल्या इंजिनाचे तास त्या काट्यावर कुठेच उमटत नाहीत.

म्हणून सुरुवात टायरपासून करा. बाजूवर चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी बाजूला बारीक भेगा दिसल्या, तर ते टायर भरल्या गाडीला घाटात घालू नयेत. सगळे टायर नवे घ्यायचे झाले तर बोलीचे गणितच बदलते.

मग हवेचे ब्रेक. इथे घाई नको, कारण यात जीव गुंतलेले असतात. हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करा, एकाला ब्रेक दाबून बसवा आणि तुम्ही गाडीखाली कान देऊन फिरा. फुसफुस ऐकू आली किंवा हवेच्या दाबाचा काटा खाली सरकू लागला, तर नळी फुटली आहे किंवा चेंबरचा डायफ्रॅम गेला आहे. हवेच्या टाकीचा ड्रेनही उघडून बघा. थोडे पाणी येणारच, पण त्यासोबत काळा तेलकट गाळ आला तर कॉम्प्रेसरच्या रिंगा तपासायला हव्यात.

हौद्याखाली लाकूड चासीवर टेकते तिथे ओल धरून राहते. हातोडीने ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. फोर बाय फोर जोडून बघायचे ते मातीत, डांबरावर नको. कोरड्या कडक रस्त्यावर वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. लिलावाच्या आवारात गाडी चालू करू देतीलच असे नाही. तरी पाहणीच्या दिवशी मिस्त्रीला घेऊन जाच. विक्री ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर असते, मागाहून तक्रार चालत नाही.

मात्र माझ्या मते कागद इंजिनाच्याही आधी बघावेत. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात बोली लावण्यापूर्वी लॉटच्या अटी शब्द न् शब्द वाचा. गाडी चालवण्यासाठी विकली जाते आहे की भंगारासाठी, हे त्यातच कळते. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू राहत नाही. संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेच्या कामातली चिलखती आणि तत्सम खास वाहने तेवढी त्यातून वगळली आहेत. लष्करी गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली वेगळी होते आणि ती सेवेतून निघाली की नेहमीचे नोंदणीचे नियम लागू होतात. म्हणजे आरटीओत तुम्हाला नव्याने उभे राहावे लागते. तिथे चासी आणि इंजिन क्रमांक कागदाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेले असू शकते. तसे असेल तर त्याचा लेखी उल्लेख पैसे भरण्याआधी मागून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या हाताकडून घेत असाल तर लिलावापासूनची प्रत्येक पावती हवी. एक जरी गहाळ असली तरी स्वस्तातला ट्रक अंगणात उभा राहतो, आणि त्यात अडकलेला पैसा बहुधा कर्जाचा असतो.

रंगाचा खर्चही बोलीत धरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. तेव्हा आरटीओच्या तपासणीला नेण्याआधी ट्रक दुसऱ्या रंगात रंगवून घ्यावा लागेल.