खांबाखाली उभा असलेला माणूस

मल्लखांबाची स्पर्धा बघताना सगळ्यांच्या माना वर असतात. गादीच्या कडेला, हात पुढे करून उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पोराच्या पायांची अढी सुटतेय असं दिसलं की त्यानं कमरेला हात द्यायचा. नाही सुटली तर निमूट मागे सरायचं. चुकूनही हात आधी लावायचा नाही, नाहीतर पोराची भीती मोडत नाही.

दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर अशाच माणसांनी उभं ठेवलंय. काळे गुरुजींनी १९२५ साली ते सुरू केलं. तिथे शिकवणारे, पुढे ज्यांचं नाव जगभर झालं ते उदय देशपांडे सीमाशुल्क खात्यात नोकरीला होते. मल्लखांब शिकवणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हता. अंध मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकवला. डोळ्यांनी बघून नव्हे, तर हातापायांनी खांब चाचपत शिकायचं, म्हणजे शिकवणाऱ्यानंही जवळ उभं राहायला हवं. २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा याच मैदानावर झाली. २०२४मध्ये देशपांड्यांना पद्मश्री मिळाली.

साधन म्हणाल तर अगदी साधं. जमिनीत पुरलेला सागवानी किंवा शिसवी खांब, वर निमुळता होत गेलेला, मानेवर गोल बोंड. अंगाला घासून पोळू नये म्हणून त्याला एरंडेल चोळायचं. नवख्याच्या मांड्या तरीही सोलवटतातच. हे चोळणं, गाद्या ओढणं, रांग लावणं मोठ्या मुलांकडे असतं. काल शिकलेला आज धाकट्याला सलामी शिकवतो, आणि स्वयंसेवक घडतो तो इथेच, भाषणांतून नाही.

या विद्येचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले. निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान त्यांनी स्वीकारलं, अशी आख्यायिका सांगतात. आमचा जालना जिल्हा पुढे १९४८पर्यंत निजामाकडेच, म्हणजे गोष्टीत आम्ही पलीकडच्या बाजूला!

याच जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईची ओळख मिरचीच्या बाजाराची. खेळाचं म्हणाल तर या भागात जत्रेतल्या कुस्त्या लागतात तेव्हा माती उकरणारे, जोडी ठरवणारे, गर्दी मागे रेटणारे गावचेच असतात. त्यांना मानधन कुणी विचारत नाही आणि तेही मागत नाहीत. पण हे बळ दोन दिवसांचं. रोज संध्याकाळी मैदानावर येणारा माणूस मिळणं अवघड, कारण तिथे ना हलगी वाजते, ना फेटा बांधतात.

म्हणून गावात मल्लखांब आणायचा म्हटलं, की लोक आधी खांबाच्या वर्गणीला लागतात. मी म्हणेन, आधी गावातली दोन पोरं निवडा, त्यांना एखाद्या जुन्या आखाड्यात सहा महिने ठेवा आणि झेलायला शिकू द्या. खांब काय, सुताराकडून कधीही करून घेता येईल.