घाम न फुटलेले स्नान

गतवर्षी नाताळच्या सुटीत बडोद्याचे माझे मेहुणे आमच्याकडे मुळगावी आले होते. गुडघेदुखीने ते बेजार. केळबाईचे दर्शन झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाहिरात पुढे केली. किनाऱ्यावरील एका स्पामध्ये सौना, बाष्पस्नान आणि तासभर तेलाचे मर्दन. माणशी साडेतीन हजार रुपये, तेही आगाऊ. "एवढ्या पैशांत आपल्या न्हाणीतले भाण वर्षभर तापेल," असे सौभाग्यवती म्हणाल्या. तरी आम्ही गेलो.

सौना मूळची फिनलंडची. ५५ लाख वस्तीच्या त्या देशात सुमारे ३३ लाख सौना आहेत, आणि २०२० साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. लाकडी खोलीत तापलेले दगड, ऐंशी-नव्वद अंशांची कोरडी उष्णता, दगडांवर पाणी शिंपडताच उसळणारी वाफ असे तिचे स्वरूप. बाष्पस्नान निराळे; तेथे उष्णता याच्या निम्मीच, पण हवा वाफेने भरलेली. निरगुडीचा पाला उकळून, घोंगडी पांघरून वाफ घेणाऱ्या आपल्या आजीला हे सांगावे लागले नसते.

आम्हांला दाखविलेल्या लाकडी खोलीत बाके होती, पण त्यांवर धुतलेल्या पंचांच्या चवडी रचलेल्या. भिंतीवरचा उष्णतामापक ३८ अंश दाखवीत होता. मार्चच्या दुपारी आमच्या शाळेच्या पत्र्याखाली याहून अधिक उकडते! बाष्पयंत्र 'कालच' बिघडले होते. तासाचे मर्दन वीस मिनिटांत आटोपले. मेहुणे रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. अशांनी वैद्याला विचारल्यावाचून सौनेत बसू नये. पण त्याची चौकशी कोणी केली नाही.

पैसे परत मागण्यासाठी कचेरीच्या मेजापाशी गेलो, तो समोर माझीच एक जुनी विद्यार्थिनी. "सर!" एवढेच म्हणून तिने मान खाली घातली. तिच्या वडिलांचा ट्रक खनिज वाहून नेत असे. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक अंगणात उभा राहिला आणि पुढे विकला गेला. पावतीच्या तळाशी छापलेल्या ओळीवर तिने बोट ठेवले: भरलेली रक्कम परत मिळणार नाही. मग अभिप्रायाची वही पुढे करून हळूच म्हणाली, "सर, वाईट लिहिलेत तर मला बोलणी बसतील." मी लेखणी घेतली आणि लिहिले, 'सेवा समाधानकारक'. खाली सही केली.

म्हापसा मागे पडेपर्यंत मेहुणे बोलले नाहीत. मग म्हणाले, "भावोजी, मुलांना हेच शिकवता का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या मुलीला वाचवायचे म्हणून मी मालकाला वाचविले होते. तक्रार मालकाविरुद्ध करता येते, हे वर्गात ग्राहक हक्कांचा धडा शिकविणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर एक ओळ छापली म्हणून मालक मोकळा होत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या उपयोगाची गोष्ट अशी की ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. गोव्यात फसलेल्या बडोदेकराला पर्वरीच्या आयोगापर्यंत हेलपाटे घालावे लागत नाहीत. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे.

आम्ही मालकास स्पीड पोस्टाने पत्र पाठविले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: पुढील खेपेस एक मर्दन विनामूल्य. सोबत माझ्याच हस्ताक्षरातील त्या शेऱ्याची प्रत जोडलेली.

मेहुण्यांनी ते कूपन परत केले आणि बडोद्यास तक्रारीचे कागद तयार केले. तो शेरा खरा नव्हता, असे प्रतिज्ञापत्र मी त्यांना करून दिले आहे. ते लिहिताना हात जड झाला, हे कबूल करतो. कारण विचारले आहे तेथे 'भिडेपोटी' असे लिहिले. मुलीचे नाव कागदांत कोठेही घातलेले नाही.