संगणकांतील छायाचित्रांचें स्थलांतर

घर बदलतांना मनुष्य कपाटें व भांडीं मजुरांच्या स्वाधीन करतो; परंतु देव्हाऱ्यांतील मूर्ति आणि भिंतीवरची वडिलांची तसबीर तो दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नाहीं, ती स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडींत बसतो. तोच मनुष्य जुना संगणक काढून नवा घेतो, तेव्हां मात्र वीस वर्षांचीं छायाचित्रें दुकानांतील कारागिराच्या हवालीं करून "सगळें नव्यांत टाकून द्या" एवढें सांगतो आणि मोकळा होतो. आठ दिवसांनीं ध्यानांत येतें कीं, चित्रें आलीं खरीं, पण मुंजीचा आल्बम नाहीं, सर्व फोटोंवर गेल्या मंगळवारची तारीख पडली आहे, आणि चेहऱ्यांना घातलेलीं नांवें पार नाहींशीं झालीं आहेत. तोंवर जुनी डिस्क पुसून भंगारांत गेलेली असते.

हा प्रसंग सध्यां पुष्कळ घरांवर येत आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. तिच्यानंतरची 'विंडोज ११' ही प्रणाली २०२१ सालीं निघाली. परंतु तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वींचीं बहुतेक यंत्रें त्या अटींत बसत नाहींत. म्हणून यंत्र बदलणें भाग पडतें. पण आधार संपला म्हणजे फोटो एका रात्रींत नाहींसे होतात, असें मुळींच नाहीं. जुनें यंत्र चालत आहे तोंपर्यंत घाई करण्याचें कांहीं कारण नाहीं, आणि या कामांतील बहुतेक हानि घाईनेंच होते.

छायाचित्रसंग्रह म्हणजे नुसता चित्रांचा ढीग नव्हे. पूर्वीं काळ्या कागदाच्या आल्बमांत चारी कोपरे अडकवून फोटो बसवीत. तो सोडवून उलटा केला कीं पाठीवर पेन्सिलीनें लिहिलेलें सांपडे: 'नाशिक, शके १८६२, डावीकडून दुसरी काकू.' फोटोचें अर्धें मोल त्या ओळींत असे. संगणकांतील फोटोलाही अशी पाठ असते. मात्र ती एका ठिकाणीं नसून दोनतीन ठिकाणीं विखुरलेली असते, आणि स्थलांतरांत हरवते ती बहुधा ही पाठच.

पहिला भाग फाइलीच्या पोटांतच असतो. कॅमेऱ्यानें फोटो काढतांना तारीख, वेळ, भिंगाचें मान, आणि मोबाइल असल्यास स्थळसुद्धां, चित्राबरोबरच लिहून ठेवलेलें असतें. ही 'एक्झिफ' नांवाची पद्धति १९९५ सालीं जपानांत ठरली. फाइल जशीच्या तशी नकलली तर ही माहिती तिच्याबरोबर सुखरूप जाते. विंडोज दाखविते ती 'निर्माण झाल्याची तारीख' निराळी. ती नक्कल केल्याच्या दिवसाची होते. मंगळवारची तारीख पाहून घाबरणाऱ्यानें फाइलीचे गुणधर्म उघडून 'फोटो काढल्याची तारीख' हें कलम पाहावें. बहुधा तेथें खरी तारीख शाबूत असते. दोन प्रकारच्या फोटोंस मात्र हा आधार नाहीं. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंत मूळची तारीख असूंच शकत नाहीं. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें आलेल्या फोटोंतील ही माहिती वाटेंत काढून टाकलेली असते, शिवाय चित्रही दाबून लहान केलेलें असतें. त्यांच्या बाबतींत तारीख राहते ती फाइलीच्या नांवांत किंवा फोल्डरच्या नांवांत. म्हणून अशा फाइलींचीं नांवें 'नीटनेटकीं' करण्याचा उत्साह कोणीं दाखवूं नये. आणि एका यंत्रांतून दुसऱ्यांत फोटो नेण्यासाठीं व्हॉट्सॲपचा मार्ग तर कधींच धरूं नये.

दुसरा भाग अधिक फसवा आहे, कारण तो फोटोंच्या शेजारीं नसून सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या दप्तरांत असतो. याचें आपल्याकडे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे 'पिकासा'. गूगलनें या कार्यक्रमाचा आधार १५ मार्च २०१६ रोजीं बंद केला. तथापि ज्या यंत्रांवर तो होता तेथें तो चालत राहिला, आणि कित्येक घरांत आजही चालतो. पिकासांतील फोल्डर हे डिस्कवरचे खरे फोल्डर होत. आल्बम मात्र केवळ याद्या असतात. 'या या फोटोंचा मिळून मुंजीचा आल्बम' एवढीच नोंद पिकासाच्या दप्तरांत असते. डिस्कवर त्या नांवाचा फोल्डर शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं, कारण तो कधीं नव्हताच. फोटोंत केलेल्या सुधारणा, म्हणजे कातरणें, उजळविणें, लाल डोळे काढणें, याही मूळ चित्रांत न करतां त्याच फोल्डरमधील 'पिकासा.आयएनआय' नांवाच्या एका लहानशा लपलेल्या फाइलींत टिपलेल्या असतात. सुधारणा 'जतन' केल्यावर मूळ चित्र एका लपलेल्या उपफोल्डरांत जातें. निवडक फोटो हातानें उचलून नेणारा मनुष्य या दोन्ही लपलेल्या वस्तु मागें टाकून येतो.

ज्या घरांत सुनेनें सासूबाईंना शेजारीं बसवून, "ही कोण, तो कोण" विचारून, एकेका चेहऱ्याला नांव घातलें, आणि त्या सासूबाई आज हयात नाहींत, त्या घरीं तीं नांवें पुन्हां मिळविण्यास कोणाकडे जावें? चित्राची दुसरी प्रत एखाद्या नातलगाकडे निघेलही. ती नांवें कोठेंच निघणार नाहींत. तेव्हां जुनें यंत्र चालू असतांनाच तीं फोटोंच्या फाइलींत उतरवून घेतलीं पाहिजेत. पिकासाच्या ३.९ या आवृत्तींत नांवें फोटोंतच लिहून ठेवण्याची सोय आहे. तिचा उपयोग, अर्थात् आधीं सर्व फोटोंची एक प्रत बाजूला काढून, अवश्य करावा. प्रत्येक आल्बम 'निर्यात' करून त्याच्या नांवाचा खरा फोल्डर बनवावा. त्यांत सुधारणांसह चित्रें उतरतात. फोटोखालीं लिहिलेल्या ओळी जेपेग फाइलींत आपोआपच लिहिल्या जातात, त्यांची चिंता नको. लाइटरूम वापरणाऱ्यांनीं त्याचा 'कॅटलॉग' स्वतंत्रपणें न्यावा, आणि ॲपलच्या यंत्रांवर संपूर्ण 'फोटोज् लायब्ररी' ही एकच वस्तु समजून अखंड न्यावी. तिच्या पोटांत हात घालून चित्रें काढूं नयेत.

आणखी एक दगा नांवांचा आहे. कॅमेऱ्यांच्या सर्वमान्य नियमाप्रमाणें फाइलीच्या नांवांत चार अक्षरें व चार अंक असतात, आणि हे अंक ०००१ पासून ९९९९ पर्यंत जाऊन पुन्हां पहिल्यापासून सुरू होतात. सबब कोंकणांतल्या सहलीचा आणि थोरलीच्या लग्नाचा असे दोन अगदीं भिन्न फोटो एकाच नांवाचे असूं शकतात. निरनिराळ्या फोल्डरांत ते सुखानें नांदतात. 'सगळें एका जागीं करूं' म्हणून एकाच फोल्डरांत ओतले, आणि 'जागा बदलूं काय?' या प्रश्नाला न वाचतां 'होय' म्हटलें, कीं सहलीवर लग्न चढतें व सहल कायमची जाते. फोल्डरांची मांडणी आहे तशीच न्यावी. नीटनेटकेपणा पुढें कधींतरी, सवडीनें.

प्रत्यक्ष कृति साधी आहे. जुन्या यंत्रांतून थेट नव्यांत न जातां मध्यें एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी. वीस हजार फोटो, प्रत्येकीं सुमारें ४ मेगाबाइट, म्हणजे ८० गिगाबाइट होतात. जुन्या यंत्राच्या यूएसबी २.० खिडकीतून सेकंदाला तीसेक मेगाबाइट जातात असें धरलें तरी पाऊण तास, आणि लहान लहान फाइलींमुळें प्रत्यक्षांत त्याहून बराच अधिक वेळ लागतो. डिस्क लावून कोणी जवळ बसावें. यंत्र मध्येंच झोपीं जाणार नाहीं अशी व्यवस्था करावी. 'कट' करून 'पेस्ट' कदापि करूं नये, 'कॉपी' करावी. वीज गेली तर कॉपींत मूळ तरी जागेवर राहतें. फोल्डरांत फोल्डर, त्यांना लांबलचक नांवें, अशी ज्यांची रीत असेल त्यांना एक अडचण येते: विंडोजमध्यें फाइलीचा संपूर्ण पत्ता साधारणतः २६० अक्षरांच्या आंत असावा लागतो, आणि त्यापलीकडची फाइल मागें राहते. नक्कल करतांना येणाऱ्या तक्रारींकडे दुर्लक्ष करूं नये, तें याकरितां. ज्यांना आज्ञा लिहिण्याची संवय आहे त्यांच्यासाठीं विंडोजमध्यें 'रोबोकॉपी' आहे. काम अर्धवट राहिलें तर तें पुढें तेथूनच सुरू करतें. मात्र तिच्यांतील 'मिर' हा पर्याय उगमांत नसलेलें सर्व कांहीं मुक्कामावरून पुसतो, एवढें ओळखून असावें.

जुन्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर हा सर्व क्रम सोडून द्यावा. ती डिस्क पुनःपुन्हां चालू करून पाहणें म्हणजे दुखऱ्या पायानें डोंगर चढणें. सर्वांत मोलाचे फोटो प्रथम उतरवावे, बाकीचे मागून. आणि डिस्क दिसेनाशी झाल्यास ती बंद करून जाणत्याकडे न्यावी.

नक्कल झाल्यावर पडताळा. शितावरून भाताची परीक्षा होते, फोटोंची होत नाहीं. दोन्हीं ठिकाणच्या फोल्डरचे गुणधर्म उघडून फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवावे. येथें 'आकार' हें कलम पाहावें. 'डिस्कवरील आकार' हें कलम दोन डिस्कांवर निरनिराळें येतें व त्यांत कांहीं वावगें नाहीं. नंतर प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील पांचदहा चित्रें पूर्ण मोठीं करून पाहावीं. लहान प्रतिमा ठीक दिसते आणि उघडल्यावर खालचा अर्धा भाग करडा निघतो, असें घडतें. अगदीं मोलाच्या फाइलींसाठीं 'एसएचए-२५६' नांवाची खूण काढतां येते. ही ६४ अक्षरांची असते. दोन्हीं प्रतींची खूण एकच आली तर फाइल तंतोतंत तीच आहे, यांत संशय राहत नाहीं.

'सर्व कांहीं क्लाउडवर आहे' म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांचा एक वर्ग आहे. वनड्राइव्हमध्यें फुकट जागा ५ गिगाबाइट मिळते, गूगलमध्यें १५. गूगल फोटोजमधील अमर्याद फुकट सांठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यांत बसेल तेवढें बसतें, बाकीचें मुकाट्यानें बाहेर राहतें. शिवाय ही व्यवस्था आरशासारखी चालते. एका यंत्रावर पुसलेला फोटो दुसऱ्यावरूनही पुसला जातो. आणि ज्या फाइलीच्या नांवाशेजारीं ढगाचें चिन्ह दिसतें ती या यंत्रावर नाहींच; येथें आहे ती नुसती तिची पाटी. म्हणून प्रथम त्या सर्व उतरवून घ्याव्या.

नव्या यंत्रांत फिरत्या तबकडीऐवजीं बहुधा एसएसडी असते. ती वेगवान आहे, पण तिच्यावरील पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी; रिकामी झालेली जागा ती आपण होऊन साफ करून टाकते. नव्या यंत्रांत पुष्कळदां सर्व मजकूर आपोआप सांकेतिक लिपींत ठेवला जातो, आणि यंत्र बिघडल्यास तो वाचण्यास ४८ अंकांची किल्ली लागते. ती कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी. ती यंत्रांतच ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवून दार लावून घेण्यासारखें आहे.

जुनी डिस्क निदान एक दिवाळी जाईपर्यंत पुसूं नये. आल्बम गेला आहे, अमक्या वर्षाचा फोल्डर आला नाहीं, हें घरांत कोणाच्या तरी वाढदिवसाला किंवा श्राद्धाला फोटो काढावा लागतो तेव्हांच कळतें. जुनें यंत्र विकावयाचें असल्यास डिस्क काढून घेऊन बाकीचें विकावें. फार थोडें मोल कमी येतें. काढलेली डिस्क थोड्या खर्चांत मिळणाऱ्या यूएसबीच्या जोडणीनें नव्या यंत्रास लावतां येते. तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून तारीख घालावी, कोरड्या जागीं ठेवावी, आणि बाहेरची दुसरी डिस्क वेगळ्या घरीं, मुलीकडे किंवा भावाकडे, ठेवण्यास द्यावी.