दोन गावांची सोयरीक : गारस्टँग आणि न्यू कोफोरिदुआ

‘भगिनी-शहर’ म्हटले की बहुतेक ठिकाणी वेशीवर एक पाटी, नगराध्यक्षांची एक परदेशवारी आणि हारतुरे एवढेच डोळ्यांपुढे येते. आमचेही मत फार निराळे नव्हते. परंतु इंग्लंडमधील गारस्टँग आणि आफ्रिकेतील घाना देशातले न्यू कोफोरिदुआ या दोन लहान गावांची हकीकत शेतकरी वाचकांना सांगण्याजोगी आहे, कारण या सोयरिकीची सुरुवात देणगीतून नव्हे, तर मालाच्या भावातून झाली.

गारस्टँग हे लँकशर परगण्यातील बाजाराचे गाव. वस्ती चार-पाच हजारांची आणि भोवती दुधाचा धंदा करणारे शेतकरी. तेथील गुरांचे डॉक्टर ब्रूस क्राउदर हे ऑक्सफॅम संस्थेच्या स्थानिक गटात काम करीत. गरीब देशांतील शेतकऱ्याला रास्त भाव देऊन आणलेला, ‘फेअरट्रेड’ शिक्क्याचा चहा, कॉफी व चॉकलेट गावाने वापरावे, असा त्यांचा आग्रह होता. वर्षानुवर्षे सांगूनही फारसे कोणी मनावर घेईना. अखेर २००० साली त्यांनी धर्मगुरू, मुख्याध्यापक, व्यापारी अशा मंडळींना जेवायलाच बोलावले. पानात फेअरट्रेडचा माल होता आणि जोडीला गावच्याच शेतकऱ्यांचे जिन्नस. दुधाला खर्चाइतकाही भाव न मिळणारा गवळी आणि कोको पिकवणारा आफ्रिकी शेतकरी यांचे दुखणे एकच, हे त्यातून लोकांना उमगले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावसभेने मतदान करून गारस्टँग हे जगातील पहिले फेअरट्रेड गाव असल्याचे जाहीर केले. उपासनेनंतर चर्चमध्ये दिला जाणारा चहासुद्धा बदलला!

पुढे या गावाने अशांती प्रदेशातील न्यू कोफोरिदुआ या कोको पिकवणाऱ्या गावाशी नाते जोडले. त्याला एक जुनी, दुखरी बाजूही आहे. गारस्टँगच्या शेजारचे लँकेस्टर हे अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारातील एक बंदर होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे भरून नेणारी जहाजे तेथून सुटत. त्याच भागातील लोक आता त्याच किनाऱ्याच्या देशात पाहुणे म्हणून जाऊ लागले, आणि तिकडचे लोक इकडे येऊ लागले.

आता कोकोविषयी थोडे. कोकोचे फळ थेट खोडालाच धरते. एका फळात साधारण तीस-चाळीस बिया असतात. त्या गरासकट केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस झाकून आंबवतात आणि मग उंच मांडवावरील चटयांवर हात फिरवीत आठवडाभर उन्हात वाळवतात. आंबवण्यात घाई झाली की चॉकलेटचा वास येत नाही. काजूबी नीट न वाळवता पोत्यात भरली तर काय होते, हे आपल्या बागायतदाराला सांगायला नको.

एवढे कष्ट करून घातलेला माल पूर्वी खरेदीदाराच्या काट्यावर कमी भरे. यावर उपाय म्हणून १९९३ साली घानात ‘कुआपा कोकू’ ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. ट्वी भाषेत या नावाचा अर्थ ‘चांगला कोको शेतकरी’ असा आहे. प्रत्येक गावातील सभासद आपल्यातलाच एक माणूस निवडतात आणि तोच वजन करून नोंद ठेवतो. आमच्या मते साऱ्या हकिकतीतील मोलाची गोष्ट हीच.

फेअरट्रेडच्या मालाला ठरलेल्या किमान भावाखेरीज टनामागे वेगळी रक्कम मिळते. २०१९ मध्ये किमान भाव टनाला २,४०० डॉलर आणि वरची रक्कम २४० डॉलर झाली होती. ही वरची रक्कम कशावर खर्चावी, हे सभासद ठरवतात. कुआपाच्या गावांत तिच्यातून कूपनलिका खोदल्या गेल्या, धान्य दळण्याच्या गिरण्या आल्या, शाळांना मदत झाली. गावातच स्वच्छ पाणी आले म्हणजे मुलांची हगवण कमी होते आणि बायकांची पायपीट वाचते, हे आरोग्याच्या पानावर मुद्दाम लिहिले पाहिजे.

मात्र सगळे गोडच आहे असे नाही. कुआपाच्या शेतकऱ्यांचा ‘डिव्हाइन’ या चॉकलेट कंपनीत एके काळी ४५ टक्के वाटा होता. २०२० मध्ये एका जर्मन कंपनीने ती घेतली आणि शेतकऱ्यांचा वाटा २० टक्क्यांवर आला. मालकी टिकवणे हे भाव मिळवण्याहून कठीण, एवढे यातून दिसते.

आपल्या शेजारी मंगळूरला १९७३ साली ‘कॅम्पको’ ही सुपारी बागायतदारांची सहकारी संस्था निघाली. पुढे कोकोचा भाव कोसळला आणि घेणारे पाठ फिरवू लागले, तेव्हा तिनेच शेतकऱ्यांचा कोको विकत घेतला व १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. नारळ-पोफळीच्या सावलीत कोको लावणाऱ्यांनी एकदा तिकडे फेरी मारून यावी.

आणि विलायतेत सोयरे शोधण्याआधी एक काम आपल्या धर्मग्रामातही करता येईल. शहरातल्या एखाद्या धर्मग्रामाने खेड्यातल्या धर्मग्रामाशी नाते जोडावे. जुने कपडे पाठवण्याऐवजी त्यांचे तांदूळ, कोकम, काजू सणाच्या आधी रास्त भावाने घ्यावेत. माल चर्चच्या अंगणात, सरकारी शिक्का असलेल्या काट्यावर, दोन्हीकडच्या माणसांसमोर तोलावा. काट्याचा खर्च कोणी उचलायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवावे. नाहीतर दुसरी बैठक होत नाही, असा आमचा अनुभव आहे.