पेपर संपल्यानंतरचे पंधरा दिवस

शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी मुलं दप्तराशिवाय शाळेत येत. एप्रिलचा दुसरा आठवडा, सकाळची शाळा, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला अजून ऊन पोचलेलं नसे. निकाल 1 मेला, झेंडावंदन झाल्यावर. मधल्या दोन आठवड्यांत हजेरी तेवढी घ्यायची, शिकवायचं काही राहिलेलं नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. 1994 साली नोकरीला लागलो तेव्हा माझीही तीच होती.

त्या पहिल्या वर्षी मी निकालपत्रकं भरत बसलो आणि मुलांना अंगणात सोडून दिलं. चार दिवसांत पट निम्म्यावर आला. मुंबईहून आलेल्या चुलत्याचं बोट धरून कोणी गेलं होतं, कोणी गुरांमागं, कोणी करवंदांना. चौथीच्या मुली मात्र एकजात गायब. विचारलं तर कळलं, विहिरीवर आहेत, नंबर लावून. पाणी झिरपायला वेळ लागतो म्हणून पहाटेपासून हंडे मांडलेले. दुसऱ्या वर्षी पेपर संपल्यावर मी उरलेली मुलं घेऊन विहिरीवरच गेलो.

एक सुंभाची दोरी, तिच्या टोकाला दगड, हातहातभर अंतरावर गाठी. दोरी सोडायची, दगड तळाला टेकला की वर ओढायची, ओली किती आणि कोरडी किती ते मोजायचं. गावात तीन विहिरी आणि नदीतला एक डवरा. रोज एकाच वेळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. आठवड्याभरात तिसरीतल्या पोरांना वजाबाकी फळ्याशिवाय यायला लागली, कारण काल आणि आज यांतला फरक त्यांच्या घरच्या हंड्याचा होता. मग एका मुलीनं विचारलं, पावसाळ्यात आपल्याकडं एवढं पाणी पडतं ते जातं कुठं? वर महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, खाली पोलादपुरातही धो धो, आणि एप्रिलमध्ये वाडीला टँकरची वाट. त्या प्रश्नाला मी पाठ्यपुस्तकातून उत्तर दिलं नाही. आम्ही ओढ्याच्या कडेनं चालत गेलो, उघडा कातळ पाहिला, उतारावर तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात खाली पोचतं ते मोजलं. सावित्री महाबळेश्वराला उगम पावते, पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाते, हे त्यांनी परीक्षेत आधीच लिहिलं होतं. ती आपल्या दारातलं पाणी घेऊन जाते, हे त्या दिवशी कळलं.

तीस वर्षांत पोलादपूर आणि महाड तालुक्यांतल्या चार शाळा झाल्या, पण दोरी प्रत्येक शाळेत नेली.

दुसरी गोष्ट वह्यांची. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाच्या वहीत मागची पाच-दहा पानं कोरी राहतात. ती सोडवायची, आखीव वेगळी, दुरेघी वेगळी, चौकटीची वेगळी. मग दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची आणि वरून जुन्या कॅलेंडरचं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं वेष्टन. किती पानं जमली, चाळीस पानांची एक तर किती वह्या होतील, बाकी किती उरेल, हे हिशेब करायला मी सांगितलं नाही. ते करावेच लागतात. या वह्या चौथीची मुलं जूनमध्ये पहिलीत येणाऱ्यांसाठी ठेवून जात. पहिल्या पानावर काय लिहायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. घंटा कुठं टांगलेली असते, कुत्रं कोणतं चावतं, गुरुजी केव्हा ओरडतात. इतकं खरं आणि सरळ मराठी त्यांनी वर्षभरात कुठल्याही निबंधात लिहिलं नव्हतं.

आमच्याकडच्या चौथीच्या मुलांना एक भाग्य लाभलेलं आहे. बालभारतीचं ‘शिवछत्रपती’ उघडलं की त्यातला प्रतापगड डोकं वर केल्यावर दिसतो, आणि तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यातच आहे. परीक्षेआधी या धड्यांचं रिकाम्या जागा भरा आणि जोड्या लावा होऊन जातं. परीक्षेनंतर उमरठला गेलो की समाधीपाशी बसून मुलं तोच धडा पुन्हा सांगत, एकानं सोडला की दुसऱ्यानं उचलायचा. कोंढाण्याकडं इथून निघालेला माणूस कोणत्या वाटेनं गेला असेल यावर भांडणं होत. वाटेत पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी. एका वर्षी महाडला चवदार तळ्यावर गेलो. 20 मार्च 1927 ला इथं काय झालं ते सांगितल्यावर विहिरीवर नंबर लावणारी एक मुलगी बराच वेळ पायरीवर बसून राहिली. तिनं काही विचारलं नाही, मीही बोललो नाही.

2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मला मनापासून आनंद झाला, कारण आमचे उपक्रम आता नोंदवहीत जागा मिळवणार होते. जागा मिळाली, पण वर्णनात्मक नोंदी लिहिण्यातच एप्रिल जाऊ लागला. पुढं 2015 च्या सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटची चर्चा राज्यभर होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांचं काम बघायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक जात. आम्हीही गाडी करून घाट चढलो. फरशीवर आखलेले अंक, काड्यांचे दशक, खडे, बाटल्यांची टोपणं, आणि बाईंकडं न बघता आपापल्या कामात बुडालेली मुलं. परतताना आम्हां पाच जणांत घाट उतरेपर्यंत फारसं बोलणं झालं नाही. आम्ही ज्याला परीक्षेनंतरची मौज म्हणत होतो, ते तिथं जूनपासूनच चाललं होतं.

एक उणीव मला आजही टोचते. कातकरी वाडीची मुलं माझ्या एकाही एप्रिलमध्ये नव्हती. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर जात आणि पाऊस तोंडावर आल्यावर परतत. जंगलातली झाडं, मासे, पाणी यांतलं सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरांमागं जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मी भट्टीपर्यंत शाळा नेऊ शकलो नाही.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, 2021 लाही मुलं परीक्षेविना पुढं गेली. त्यानंतर 22 जुलै 2021. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडी कोसळून माणसं गेली, आंबेनळीचा रस्ता तुटला. 2022 च्या एप्रिलमध्ये मुलं पुन्हा समोर बसली, तेव्हा दरवर्षीसारखा अंगणात फक्कीनं गावाचा नकाशा काढायला घेतला. पूर्वी त्यात देऊळ, शाळा, विहिरी, आंबे असायचे. या वेळी न सांगता मुलांनी दरडीची जागा काढली, पावसात ओढा कुठून फुटतो ते काढलं, भेगा काढल्या. एका मुलानं शाळेपासून पठारापर्यंत रेघ ओढून पावलं मोजली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेतली चार माणसं तो नकाशा पाहायला आली आणि त्यांनी त्यात दोन भेगा आणखी दाखवल्या. माझ्या नोकरीतला तो सर्वांत महत्त्वाचा तास होता.

त्याच वर्षी ‘पहिले पाऊल’ अभियानात शाळा पूर्वतयारी मेळावे सुरू झाले. एप्रिलमध्ये पहिला मेळावा, पहिलीत येणारं मूल आईचा हात धरून टेबलांवरून फिरणार, रंग ओळखणार, उडी मारणार, वस्तू मोजणार. आमच्या चौथीच्या मुलांनी शिवलेल्या वह्या तिथंच दिल्या. सरकारी उपक्रमांत मला हा एक अगदी मनासारखा वाटला.

2025 ला मात्र वार्षिक परीक्षेचं राज्यभर एकच वेळापत्रक आलं, 8 ते 25 एप्रिल. 1 मेला निकाल. मधल्या चार-पाच दिवसांत पेपर तपासायचे, गुण भरायचे, प्रगतिपुस्तकं लिहायची. सुटी लवकर दिल्यासारखी शाळा एप्रिलभर रिकामी राहू नये, हा त्यामागचा विचार मला समजतो. काही शाळांत ती खरंच रिकामी असायची, माझीही पहिल्या वर्षी होती. पण त्या रिकामेपणावर उपाय म्हणून परीक्षाच पुढं ढकलणं मला चूक वाटतं. वर्षातले हे एकच दिवस असे होते, की ज्यांत शिकलेल्याचे गुण द्यायचे नसत. मी त्याच मे महिन्याअखेर निवृत्त झालो. त्या वर्षी दोरी विहिरीत पडली नाही.

वेळापत्रक ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. परीक्षा एप्रिलच्या दहा तारखेला संपवा आणि उरलेले दिवस शिक्षकाच्या हाती द्या. हवं तर काय केलं ते त्याच्याकडून लिहून घ्या. आणि घाटाखालच्या शाळांत आज काम करणाऱ्या मित्रांनो, विहिरींच्या नोंदींच्या वह्या मी प्रत्येक शाळेच्या कपाटात ठेवून आलो आहे. पुढची पानं कोरी आहेत.