जुनी कार घेताय? इंजिनाआधी आरसी तपासा. ‘टीएस’ पासिंग असेल तर आणखी सावध राहा

हिमायतनगर : २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. नव्या अल्टो, वॅगनआर स्वस्त झाल्या. त्यामुळे जुन्या गाडीला कोणी त्याआधीचा भाव सांगत असेल, तर घासाघीस करायला हे हक्काचे कारण आहे.

तेलंगणाची हद्द जवळ असल्याने इथे ‘टीएस’ पासिंगची गाडी स्वस्तात मिळू शकते. मात्र, तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे वापरायची तर एमएच नंबर घ्यावाच लागतो. हा खर्च मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवा.

खरा घोळ होतो तो नावावर करण्यात. टीटी फॉर्मवर (२९ आणि ३०) सह्या घेऊन गाडी तशीच वर्षानुवर्षे फिरवली जाते. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे विकणाराही सुटत नाही. घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद करायची असते. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत कळते. बोजा दिसला तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. ‘कर्ज फिटलंय हो’ या शब्दाला आरटीओत किंमत नाही. थकीत ई-चलनही पाहा.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पूर आला होता. पाण्यात बुडालेली गाडी पॉलिश करून चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालची पट्टी आणि स्टेपनीचा खड्डाही बघा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर नूतनीकरणाची ५ हजार रुपये फी आणि पर्यावरण कर धरून भाव करा. आणि थोडी रक्कम हातात राखून, नवी आरसी तुमच्या नावावर आल्यावरच द्या.