बोटी येतात, पण धक्का कोण सांभाळणार? तापी-नर्मदेवरच्या बोटिंगचं गणित

15 जानेवारी 2019. संक्रांतीचा दिवस. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात भुषा इथं नर्मदेच्या पाण्यावर सणासाठी लोक जमले होते. साठेक माणसांनी गच्च भरलेली एक बोट तिथं उलटली. लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला.

दुष्काळ, स्थलांतर आणि कुपोषण यांसाठी बातम्यांत येणाऱ्या या जिल्ह्याकडे पाणी मात्र दोन्ही बाजूंना आहे. उत्तरेला नर्मदा, म्हणजे सरदार सरोवराचं बॅकवॉटर. मधून तापी, आणि तिच्यावर सारंगखेडा आणि प्रकाशा हे दोन बॅरेज. त्यामुळे "इथं बोटिंग सुरू करा, पर्यटक येतील" ही मागणी अधूनमधून होत असते. मागणी चुकीची नाही. बोट आणणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, एवढं फक्त लक्षात घ्यायला हवं.

बोटी आल्याही होत्या

शहादा तालुक्यातलं सारंगखेडा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिला जोडून चेतक फेस्टिव्हल होतो. यात्रा तापीच्या काठावर आणि बॅरेजमुळे नदीत पाणी, म्हणजे बोटिंगसाठी सगळं जुळून आलेलं. नाशिकच्या गंगापूर धरणावर एमटीडीसीने जो बोट क्लब उभारला, त्याच्यासाठी घेतलेल्या बोटी सारंगखेड्याला हलवल्या गेल्या आणि त्यावरून नाशिकमध्ये चांगलंच राजकारण तापलं. "आमच्या बोटी पळवल्या" इथपासून "परत आणा" इथपर्यंत.

या भांडणात बोटी कुणाच्या यावर भरपूर बोललं गेलं. त्या बोटी वर्षभर चालवणार कोण, दुरुस्ती कोण करणार, बुडणाऱ्याला बाहेर काढायला काठावर कोण उभं राहणार, यावर फार कमी.

पाणी नेमकं कुणाचं?

समजा उद्या सारंगखेड्याला कायमचा धक्का बांधायचं ठरलं. बॅरेज आणि त्यातलं पाणी जलसंपदा विभागाच्या तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे. बोटीची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे, जे मुळात किनारपट्टी सांभाळण्यासाठी 1996 साली आलं. पर्यटनाचा निधी एमटीडीसीकडे. यात्रेतली गर्दी पोलीस आणि महसूल विभागाकडे, आणि काठाची स्वच्छता ग्रामपंचायतीकडे. शिवाय या पाण्यात आधीपासून मासेमारी करणारे लोक आहेत. पर्यटकांच्या स्पीडबोटीने त्यांची जाळी तुटली तर भरपाई कुणी द्यायची, हेही आधीच ठरवावं लागेल.

2016 च्या कायद्यानं देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्या यादीत नर्मदा 73 व्या आणि तापी 100 व्या क्रमांकावर आहे. पण यादीत नाव आल्यानं धक्का बांधून होत नाही. रोजच्या कामासाठी महत्त्वाचा आहे तो 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, विमा आणि प्रशिक्षित चालक हे सगळं त्यानं बंधनकारक केलं. याच कायद्यात राज्यांना विकास निधी उभारायची सोय आहे. आपत्कालीन तयारी आणि प्रदूषण रोखणं यांसाठी तो वापरता येतो. पैशांबद्दल बोलताना हा निधी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

28 मीटरचा प्रश्न

आता खर्चाकडे येऊ. धक्का म्हटलं की आपल्याला भाऊचा धक्का आठवतो, पक्का, दगडी. नर्मदेवर तसं चालणार नाही. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर आणि वापरायची किमान पातळी 110.64 मीटर. म्हणजे पाणी वर्षभरात 28 मीटरपर्यंत खालीवर होऊ शकतं, साधारण नऊ मजली इमारतीएवढं. सप्टेंबरमध्ये जिथं बोट लागते, तिथून उन्हाळ्यात पाण्यापर्यंत जायला गाळाने भरलेला उतार उतरावा लागतो. इथं तरंगता धक्का लागतो, जो पाण्याबरोबर खालीवर होतो आणि ज्याचे दोर, साखळ्या, नांगर सतत बघावे लागतात.

याच नर्मदेवर धरणाच्या खालच्या बाजूला, स्टॅच्यू ऑफ युनिटीजवळ, क्रूझ चालते. तिथं गरुडेश्वरच्या बंधाऱ्यामुळे पाण्याची पातळी बरीचशी स्थिर राहते आणि पुतळ्यामुळे पर्यटकही वर्षभर येतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत.

तापीवर अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात हतनूरमधून पाणी सुटलं की सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजचे दरवाजे उघडावे लागतात आणि काठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. अशा वेळी बोटी काठावर ओढून ठेवण्याशिवाय पर्याय नसतो. म्हणजे पावसाळ्याचे महिने धंदा बंद.

आता साधं गणित करू. समजा तिकीट 100 रुपये, बोटीत 10 जण आणि यात्रेच्या दिवशी 20 फेऱ्या. एका बोटीचे दिवसाला 20 हजार. ऐकायला छान वाटतं. पण यात्रेची मोठी गर्दी काही दिवसांचीच. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी दोन फेऱ्या झाल्या तर 2 हजार, जुलैमध्ये शून्य. चालकाचा पगार, विमा, इंजिनची दुरुस्ती यांना मात्र सुट्टी नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवरचा बोट क्लब नगरपरिषद चालवते आणि तो चालतो, कारण तिथं लोक आधीच आलेले असतात. भंडाऱ्याकडे गोसेखुर्दला सुमारे 100 कोटींचा जलपर्यटन प्रकल्प हाती घेतलाय, पण तो उभारणीचा पैसा आहे. पाचव्या वर्षीचा डिझेल आणि पगार त्यात बसत नाही.

मग गर्दीच्या नद्यांवर काय करतात?

इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये ब्रॉड्स नावाचा नद्या-तळ्यांचा भाग आहे. सुमारे 200 किलोमीटरचा जलमार्ग आणि त्यावर हौशी लोकांच्या हजारो बोटी. 1989 पासून तिथं एकच प्राधिकरण आहे. प्रत्येक बोटमालक वर्षाला टोल भरतो आणि त्या पैशातून गाळ काढणं, पाणवनस्पती कापणं, गस्त घालणं ही कामं होतात. टोलचा हिशेब वेगळा ठेवला जातो, तो इतर खर्चात मिसळत नाही. सारंगखेड्यासाठी यातली उचलण्यासारखी गोष्ट हीच. तिकिटातला ठरावीक वाटा धक्का आणि बचावाच्या खात्यात जायला हवा आणि ते खातं ग्रामसभेला बघता यायला हवं.

आपल्याकडे नेहमीचा मार्ग म्हणजे ठेका देऊन मोकळं होणं. शेजारच्या वडोदऱ्यात हरणी तलाव महापालिकेनं खासगी ठेकेदाराला चालवायला दिला होता. 18 जानेवारी 2024 ला तिथं सहलीची बोट उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते, अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनी धरणात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट बुडून 6 जण गेले. ठेका द्यायला हरकत नाही. पण ठेकेदाराची कमाई डोक्यांवर मोजली जात असेल, तर बोटीत बसणारी डोकी मोजायला दुसऱ्या कुणाचा तरी माणूस धक्क्यावर हवा, आणि त्याचा पगार ठेकेदाराकडून निघता कामा नये.

नर्मदाकाठी तर बोट ही मौज नाहीच. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. काठावर राहिलेल्यांसाठी बाजार, रेशन, दवाखाना यांचा रस्ता पाण्यातूनच जातो. आरोग्य विभागाला इथं तरंगता दवाखाना चालवावा लागतो, यावरूनच अंदाज येतो. या लोकांकडून टोल घेता येणार नाही. त्यांच्या धक्क्यांचा पैसा आदिवासी उपयोजना किंवा जिल्हा नियोजन समितीतून यावा लागेल. पर्यटकांसाठी धक्का बांधायचाच असेल, तर तोच गावकऱ्यांच्या बोटींनाही खुला ठेवता येतो.

दत्तजयंतीनंतर साधारण महिनाभरात संक्रांत येते. यात्रेसाठी सारंगखेड्याला जमवलेली लाइफ जॅकेटं आणि बचाव पथक त्या दोन दिवसांसाठी भुषाला पाठवायला नवा प्रकल्प लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पुरेसा आहे.